गोल्फवाले भाऊ

पांढुर्ण्यात गोल्फचं मैदान नाही. सौंसरातही नाही. तरी या दोन्ही गावांत चारदोन गोल्फवाले सापडतातच. वय पन्नाशीच्या पुढे, धंदा संत्र्याच्या दलालीचा नाहीतर ठेकेदारीचा, पोटावर ताणलेला कॉलरवाला टी-शर्ट आणि डोक्यावर चोचवाली पांढरी टोपी. ही टोपी बागेत, मंडीत, लग्नात, मयतीत सगळीकडे असते. मयतीत तेवढी चोच मागे फिरवतात.

मृग बहाराचा शेवटचा माल उतरला, व्यापाऱ्याकडे अडकलेला हप्ता सुटला, की भाऊंचे फोन सुरू होतात. ‘गोल्फले जाऊन राहिलो. येतं का?’ गोल्फ म्हणजे गोवा, हे फोन उचलणाऱ्याला ठाऊक असतं. घरच्यांना ते कळू नये एवढ्यासाठी तर गोल्फ. गोवा म्हटलं की वहिनींच्या कपाळाला आठी पडते. गोल्फ हा साहेबलोकांचा खेळ, त्यात चालणं होतं, आणि चालायला तर डॉक्टरांनीच सांगितलेलं. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून भाऊंची बाजू आणखी भक्कम झाली आहे. ‘जिल्ह्याचं ठिकाण हाये आता आपलं. गोल्फ खेळणारं कोणी पायजे का नाही?’ सौंसरवाल्याला हा युक्तिवाद फारसा रुचत नाही, पण गाडीत जागा भाऊंच्या मेहेरबानीने असल्यामुळे तो गप्प बसतो.

भाऊंचा अभ्यास मात्र पक्का. कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना, हे ते पानठेल्यावर चुना मळता मळता सांगतात. स्कॉटलंडात हा खेळ समुद्राकाठच्या वाळूच्या माळावर वाढला, आणि अठरा होल संपले की खेळणारे जवळच्या पबात शिरतात, त्या पबालाच एकोणिसावा होल म्हणतात, हेही त्यांना माहीत. यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की मेन होल तोच. बाकीचे अठरा म्हणजे मेन होलाकडे जायचा रस्ता. मग रस्ता जवळचाच का धरू नये? गोव्यात काणकोणला राजबागेच्या रिसॉर्टात नऊ होलांचं मैदान आहे आणि मोबोरला बारा होलांचं. दलाल माणसाने हा हिशेब एका दमात मांडला. ‘नऊ अन् बारा एकवीस. अठराच्या वर तीन होल आपले फायद्यात. ते तीन खेळले नाही तरी चालते.’ प्रत्यक्षात उरलेले अठराही खेळले जात नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मैदानात मंडळी एकदा उतरली होती, हे खरं. पण घात झेंड्याने केला. गोल्फच्या होलात काठी उभी असते आणि काठीला झेंडा. आता पांढुर्ण्याच्या माणसाला लांबवर झेंडा दाखवू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाच्या झाडाला झेंडा बांधतात, या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि मग दिवसभर जी गोटमार चालते ती लहानपणापासून पाहिलेला हा हात. भाऊंनी झेंडा पाहिला आणि काठी बाजूला टाकून चेंडू हातानेच भिरकावला. नेम चुकला नाही. कॅडी पोरगा मात्र खाली बसला तो बराच वेळ उठला नाही. ‘सावरगावचा हाये का बे तू?’ भाऊंनी त्याला मायेने विचारलं म्हणतात.

तेव्हापासून चेंडू घरीच राहतो आणि टोपी तेवढी जाते.

नागपूरहून मडगावच्या गाडीत बसल्यापासून भाऊंच्या पिशवीत सांभारवडी, चिवडा आणि ठेचा असतो, कारण गोव्यात माशाला तर्री नसते ही त्यांची जुनी तक्रार. शनिवारी एरवी ते जामसावळीच्या मारुतीला जातात आणि त्या दिवशी थेंबाला शिवत नाहीत. गोव्यात मधे शनिवार येतोच. त्यावर त्यांचा खुलासा आहे: वार हे सातपुड्याच्या उंचीवर लागतात, समुद्रसपाटीला लागत नाहीत.

किनाऱ्यावरची नवी शॅक, दिव्यांचे झगमगाट, नाचणारी पोरं यांच्याकडे भाऊ ढुंकून पाहत नाहीत. त्यांना पाहिजे असतं जुनं तावेर्न. गावातल्या चर्चच्या मागे, कौलारू, दारावर पाटी असली तर असली. आत एक लाकडी काउंटर, दोन बाक, भिंतीवर येशूच्या तसबिरीपुढे लाल बल्ब, आणि कोपऱ्यात काचेचा पोटाळा गाराफांव, वेताच्या विणीत बसवलेला. मारिओ मिरांडांच्या चित्रांतून ज्यांनी गोवा पाहिला त्यांना हा मालक ओळखीचा वाटेल: गिऱ्हाईक आलं याचा आनंद नाही, गेलं याचं दुःख नाही. दुपारी जेवून तो दार लावून झोपतो. वैशाखात दुपारची शटरं पाडणाऱ्या आमच्या गावाला ही रीत फार पटते. भाऊ तर म्हणतात, असा सुसंस्कृत माणूस पांढुर्ण्याबाहेर त्यांनी दुसरा पाहिला नाही.

मालक म्हणतो, ‘बस पात्रांव.’ झालं! भाऊंची छाती दोन इंच फुगते. पात्रांव म्हणजे मालक, धनी. गोव्यात तो शब्द रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना लागतो, पण हे भाऊंना सांगणार कोण? ते परतून आल्यावर पेट्रोल पंपावरच्या पोरालाही ‘देव बरें करूं’ म्हणतात आणि पोरगं मीटरकडे संशयाने पाहतं.

मालकाने पुढे ‘खंयचे?’ विचारलं की भाऊंचं पितळ उघडं पडतं. वर्षभर मंडीत ते तावातावाने सांगत असतात, की माल आमचा आणि नाव नागपूरचं, आमचं संत्रं नागपुरी म्हणून विकलं जातं, हा अन्याय आहे. इथे बाकावर बसून ते एका क्षणात म्हणतात, ‘नागपूर.’

एप्रिलात तावेर्नात उर्राक मिळतो. पहिल्या वाफेचा, सौम्य. मालक त्यात लिंबू, मीठ आणि चिरलेली मिरची घालतो. तो पुन्हा भट्टीवर चढवला की पुढे फेणी होते. भाऊ गावाबाहेरची भट्टी पाहायलाही जातात. काजूची बोंडं पायांनी तुडवतात, रस मडक्यांत आंबवतात, मग भांड्याखाली लाकडं पेटवून वाफ गार करतात. भाऊ वाकून वास घेतात, बाटली हलवून बुडबुड्यांचे मणी किती वेळ टिकतात ते बघतात, भट्टीवाल्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. फोटोखाली लिहितात: जुनी परंपरा.

आता हाच महिना आमच्याकडे मोहाचा. पहाटे फुलं टपटप पडतात, बाया टोपल्या भरतात, फुलं वाळतात, भिजतात, आंबतात, आणि डोंगराच्या कडेला अशाच भांड्याखाली अशीच लाकडं जळतात. तिथून जाताना भाऊ गाडीच्या काचा वर करतात. ‘काय वास येऊन राहिला! ह्या लोकायनं गाव बदनाम केलं.’ मधे मध्यप्रदेश सरकारनेच मोहाच्या दारूला हेरिटेज ठरवून आदिवासी बचत गटांकडून ती बाटलीत भरायला घेतली, तेव्हा भाऊंची मोठी पंचाईत झाली होती. त्यांनी विचार करून सांगितलं, की हेरिटेजला समुद्र लागतो.

यंदा येताना त्यांनी फेणीची एक बाटली काजूच्या पाकिटांखाली, दोन टॉवेलांत गुंडाळून आणली. पण फेणी टॉवेलाला जुमानत नाही. बॅग ओसरीवर उघडली आणि पाच मिनिटांत वास माजघरातून परसात गेला. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त गोल्फची टोपी दोन बोटांत धरून धुण्यात टाकली. नव्वदीला टेकलेली आई खाटेवरून म्हणाली, ‘आण इकडे.’ तिने बूच काढून हुंगलं, करंगळी बुडवून जिभेला लावली, आणि तोंड वाकडं केलं.

‘मोहाची हाये. अन् घाईत उतरवली.’

‘अवो माय, मोहाची नाही ते! काजूची हाये. 2009 चं मानांकन हाये तिले. सरकारचं!’

‘असन,’ म्हातारी बूच लावत म्हणाली, ‘पण तुह्या बापाची ह्याच्यापेक्षा साफ निघे.’