जरा गोरं काढा

लग्नाच्या हॉलमध्ये आइस्क्रीम आणि पान यांच्या मधोमध हल्ली माझं टेबल असतं. समोर पाटी: ‘लाइव्ह कॅरिकेचर’. ड्रोन, मेंदी, ढोलताशा हे सगळं ठरवून झालं, की उरलेल्या पैशांत यजमान मला सांगतात. माणशी पाच मिनिटं. रांगेतली पहिली मावशी पैठणीचा पदर सारखा करत खुर्चीत टेकते आणि पेन्सिल कागदाला लागायच्या आत म्हणते, “जरा गोरं काढा हं!” कागद मुळात पांढरा. त्याहून गोरं काढायचं म्हणजे काहीच न काढणं. मी मान डोलावतो. मावशी खूश होतात आणि पुढच्या माणसाला सांगतात, “आहे चांगला, ऐकतो.”

पोटापाण्याचं हे असं. एरवी आमचा हंगाम दिवाळी अंकांचा. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर वाचतो, आणि निदान त्या महिन्यात तरी त्याला चित्रं लागतात. जुलै-ऑगस्टात संपादकांना आमची आठवण येते. दिवाळी उलटली की आम्हाला त्यांची येते. मानधनाचा विषय दोघंही सभ्यपणे टाळतो.

उरलेलं वर्ष मी एसटीत काढतो. कुठे शाळेत शिबिर, कुठे वाचनालयाचा वर्धापनदिन, कुठे काहीच नाही. 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. चेहरे बघण्यासाठी तिच्याइतकं स्वस्त ठिकाण या राज्यात अजून तरी झालेलं नाही. 2022 मध्ये पंचाहत्तरी गाठलेल्यांना प्रवास फुकट झाला, त्यामुळे माझ्या वहीत सुरकुत्या वाढल्या. पुढच्या वर्षी बायकांना अर्धं तिकीट झालं आणि वहीत बायका वाढल्या. शेजारी बसलेल्या आजीच्या चेहऱ्यात मला जेवढं सापडतं त्याच्या निम्मंही नातीच्या चेहऱ्यात सापडत नाही. नातीनं भुवया कोरलेल्या असतात, आणि सांगोल्यापासून परतवाड्यापर्यंत सगळ्या पार्लरांत भुवईचा साचा एकच चालतो.

चालत्या गाडीत रेघ मारता येत नाही. आंबा घाटात समोरच्या काकांना काढायला घेतलं, तर पहिल्याच वळणाला त्यांचा कान हनुवटीवर येतो. म्हणून गाडी चालू असेपर्यंत नुसतं बघायचं, आणि मलकापूरला ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले की वही काढायची. तोवर मूळ माणूसही बरेचदा उतरून गेलेला असतो. मग आठवून काढावं लागतं, आणि गंमत अशी की आठवणीत नाक राहत नाही. अर्कचित्र म्हणजे नाक लांबवायचं, असं ज्याला त्याला वाटतं. पण डोक्यात राहतं ते निराळंच. सुटे पैसे मोजून खिशात टाकल्यावर पुन्हा काढून मोजणारी बोटं. डुलकी लागून मान खांद्यावर पडली तरी मांडीवरच्या पिशवीचे बंद न सोडणारी मूठ. खिडकी उघडी की बंद यावरून अर्धा तास भांडून झाल्यावर त्याच शत्रूपुढे केलेला फुटाण्यांचा पुडा. हे सापडलं की चेहरा आपोआप जमतो. नाही सापडलं तर नाक फूटभर ओढा, माणूस येत नाही.

चित्र दाखवल्यावर पसंत न पडण्याची तऱ्हा मात्र जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी. कोल्हापुरात सरळ हुकूम येतो: “भावा, मिशी जरा चढीव घे की.” मालवणात एका म्हाताऱ्यांनी चित्र लांब धरून, जवळ धरून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “माजा नाक एवढा मोठा आसा काय रे?” अमरावतीकडचे गृहस्थ सगळ्यांत समजूतदार. म्हणाले, “हे माह्यावाणी नाही दिसत, पण माह्या भावावाणी दिसते,” आणि चित्र घडी घालून भावासाठी घेऊन गेले. पुण्यात नापसंती कळत नाही. फक्त ‘अच्छा’ असं ऐकू येतं.

जुन्या चित्रकारांचा मला हेवा वाटतो तो डोक्यावरच्या वस्तूंसाठी. टिळकांची पगडी, फुल्यांचं पागोटं, गाडगेबाबांच्या डोक्यावरचं खापर. चार रेघांत माणूस उभा! आताच्या पुढाऱ्याच्या डोक्यावर काळे केलेले केस, गालावर कोरलेली दाढी आणि अंगात जाकीट. सगळ्यांचं तेच. त्यात सोय एवढीच, की त्यानं पक्ष बदलला तरी चित्र बदलावं लागत नाही.

शिवाय फ्लेक्स. कुठल्याही स्टँडवर उतरा, वाढदिवसाचे ‘भावी आमदार’ कानाला मोबाइल लावून तुमच्याकडे पाहत असतात. खाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे, की तेवढी मतं पडली तरी ग्रामपंचायत यावी. सगळे घासूनपुसून इतके गुळगुळीत केलेले, की अर्क काढायला आत काही उरतच नाही. घरी आलो की अशा वेळी मी ‘दासबोध’ उघडतो. दुसऱ्या दशकाचा पहिला समास, मूर्खलक्षणांचा. आमच्याकडे तो पोथी म्हणून लाल फडक्यात असे. मी त्याला आमच्या धंद्याचं हँडबुक समजतो. माणसाच्या सवयींची एवढी सविस्तर यादी दुसरीकडे नाही, आणि आपणच आपली स्तुती करणारा तिथे अगदी सुरुवातीलाच भेटतो. पुढे दहाव्या समासात पढतमूर्ख आहेत, ते मी साहित्य संमेलनाला जाण्याआधी चाळतो.

खरं तर मला चित्रकला चित्रकारांइतकीच लेखकांनी शिकवली, हे मी कलाशिक्षकांच्या देखत बोलत नाही. शि. द. फडणीस आणि वसंत सरवटे हे अर्थात गुरूच. पहिली-दुसरीत गणिताच्या पुस्तकातली फडणीसांची चित्रं बघता बघता बेरीज राहून जायची, त्याचा परिणाम अजून बँकेत दिसतो. शब्दाविना विनोद करायचा हा त्यांचा बाणा. चित्राखाली ओळ लिहायचा मोह झाला की मला ते आठवतात आणि मी ओळ खोडतो. संपादक ती पुन्हा लिहितात. सरवटे व्यवसायानं इंजिनिअर, गाव कोल्हापूर. ‘ललित’मध्ये जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाआडून लिहीत, तेव्हा त्या नसलेल्या माणसाला सरवट्यांनी शरीर दिलं. समोर बसलेल्याचं साम्य साधताना आमची तारांबळ उडते, आणि इथे जो बसलेलाच नाही त्याचं साम्य साऱ्या साहित्यिकांना पटलं!

पण माणूस बघायचा कसा, हे कळलं व्यंकटेश माडगूळकरांकडून. ‘माणदेशी माणसं’ 1949 चं पुस्तक. माडगूळकर स्वतः रेखाटनं करत, आणि ते त्यांच्या वाक्यांतही दिसतं: दोन तपशील, बास, माणूस उभा. ते वाचून मी आटपाडीच्या बाजारात गेलो. शेळ्या-मेंढ्यांची खरेदी-विक्री चालली होती. पटका बांधलेले एक धनगरबाबा मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत किमतीचं बोलत होते. गिऱ्हाइकाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. जे काय ठरवायचं ते जणू मेंढीशी चाललं होतं. मी तो हात काढला, मेंढी काढली आणि पटका काढला. चेहऱ्याला जागाच उरली नाही. बाबांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, “मेंढी बेस आलीया.” यापेक्षा चांगलं परीक्षण माझ्या वाट्याला आलेलं नाही.

हल्ली वाचायला मी भिलारला जातो. पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं गाव, 4 मे 2017 पासून पुस्तकांचंही. घराघरांत एकेका विषयाची पुस्तकं मांडलेली. कुणाच्या ओसरीवर कविता, कुणाच्या बैठकीत चरित्रं. अनोळखी माणसाच्या घरात शिरून तासभर विनोद वाचत बसायचं आणि आपलं आपण हसायचं, याची परवानगी दुसरीकडे मिळणं कठीण. आतून फोडणीचा वास येतो. घरातलं पोर दारामागून आपल्याकडे टक लावून बघत असतं. त्याच्या नजरेत मला भविष्यातला प्रतिस्पर्धी दिसतो. कारण माणूस वाचत असताना चेहऱ्यावरचा पहारा उठलेला असतो, ओठ थोडे हलतात, भुवया मोकळ्या सुटतात. मोबाइल बघणाऱ्याचं तसं होत नाही. चित्रासाठी वाचणारा माणूस सगळ्यांत उत्तम, झोपलेला दुसरा, आणि पोझ देणारा सगळ्यांत शेवटी.

तेव्हा एक विनंती. प्रवासात समोरचा कुणी वही आडवी धरून तुमच्याकडे चोरून बघताना दिसला, तर फोन काढू नका, केस सारखे करू नका आणि पोट तर अजिबात आत घेऊ नका. हातात पुस्तक असलं तर वाचत राहा. पाच मिनिटांचं काम असतं, आणि गोरं काढायचं माझ्या लक्षात आहे.