खारपाण पट्ट्यातला खलाशी

होडीत पाय ठेवण्यापूर्वी तांडेलने मला एकच प्रश्न विचारला. "तुमचा वजन किती ओ?"

माझी तयारी वेगळ्याच परीक्षेची होती. नाळ, डोलकाठी, परबाण, सुकाणू हे शब्द मी घोकून आलो होतो. मलकापुरात निळी टोपीही घेतली होती. ती क्रिकेटची आहे असे दुकानदार म्हणाला, तेव्हा मी समुद्र न पाहिलेल्या माणसाकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहिले. मीही तो सिनेमातच पाहिला होता, ही गोष्ट वेगळी. आता माझे वजन ऐकून तांडेलचा चेहरा खुलला. होडी कलंडू नये म्हणून तळाशी दगड, वाळूची पोती असे काही जड ठेवतात; त्याला नीरम म्हणतात. त्या दिवशी पोती भरावी लागली नाहीत.

मालवणजवळचे देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला दोन्ही पाणी भेटतात आणि तिथे वाळू कुणाची यावरून त्यांचे भांडण आहे. पावसाळ्यात नदी ती बाहेर लोटते, लाटा ती आत ढकलतात. गेल्या वर्षीची वाट यंदा वाटच नसते. पर्यटक जिथे उतरून फोटो काढतात ते 'त्सुनामी बेट' याच वाळूचे. जिथे लाट पांढरी फुटते तिथे उथळ, जिथे पाणी काळपट आणि गुळगुळीत तिथे खोल, एवढे मला समजले. बाकी तांडेल बांबू पाण्यात खुपसून पाहत होता आणि मला फक्त दोन शब्द ऐकवत होता, "हंय बसा" आणि "थंय बसा". वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूला मी सरकायचे. सरकताना मी भुवया आवळून क्षितिजाकडे बघत असे. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटावे, होडी हाच चालवतोय.

मला भाव मिळाला तो एकदाच. "आज तिथी काय?" असे त्याने विचारले आणि मी क्षणात म्हणालो, "षष्ठी."

इथे थोडे थांबावेच लागेल, कारण ही विद्या आमच्या घरची आहे. तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, असा कोकणातला ढोबळ हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. माझी माय संकष्टी धरते, एकादशी धरते, प्रदोष धरते. शिवाय शेजारणींचे उपास तिला तोंडपाठ. म्हणजे संकष्टीला ती चंद्राची वाट पाहत असते त्या दिवशी मालवणात तीनच्या सुमाराला पाणी भरून गेलेले असते, आणि एकादशीला तिची साबुदाण्याची खिचडी कढईत पडते तेव्हा, सव्वाआठला, देवबागची भरती पूर्ण होत असते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची मरगळलेली भरती, सगळे आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले आहे. समुद्र न पाहिलेल्या बाईने भरती-ओहोटीचे वेळापत्रक इतकी वर्षे उपाशी पोटी सांभाळले, याचा मला होडीत भलताच अभिमान वाटला.

साडेचारला पूर्ण भरती, म्हणून आम्ही अडीचलाच निघालो होतो. वाळू ओलांडायची ती चढत्या पाण्यात. तेव्हा अडकलात तर पाणीच उचलून घेते; उतरत्या पाण्यात अडकलात तर बसा सहा-सात तास बगळे मोजत. वाळू कुठे सरकली याचे हे अंदाज पाहून मी लगेच आमच्याकडच्या भेंडवळ गावाचा विषय काढला. तिथे, आमच्या जळगाव जामोद तालुक्यात, अक्षय तृतीयेला शेतात अठरा धान्ये गोलाकार मांडतात, मधे पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि वर पाण्याची घागर. रात्रीतून कोणता दाणा कुठे सरकला ते पाहून पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगतात.

"खरा ठरता?" तांडेलने विचारले.

"कधी कधी."

"मगे आमच्या रेवेसारख्याच. थंय बसा."

संध्याकाळी मी मायला फोन केला. वारा, शीड, वाळू हे सगळे थोडे वाढवून सांगितले. सुकाणूचा उल्लेख मोघम ठेवला. शेवटी म्हणालो, "आणि माय, पाणी इतकं खारं, तोंडात घेववत नाही."

"मंग त्यात नवीन काय हाय?" माय म्हणाली.

समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. तरी पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, अमरावती-अकोल्यापासून आमच्यापर्यंत, जमिनीखाली खारेच पाणी आहे. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या कित्येक गावांत किडनीचे दुखणे घरात शिरलेले आहे. गोड्या पाण्याच्या हंड्यासाठी बायांची निम्मी हयात गेली, योजनांची नावे बदलत राहिली. देवबागचे खारे पाणी दिवसातून दोनदा मागे तरी सरकते. आमच्या विहिरीला ओहोटी नाही. मी सुट्टी घेऊन, तिकीट काढून, टोपी घालून जे बघायला आलो होतो ते माय रोज पोहऱ्याने उपसत होती, आणि पुन्हा वर मलाच विचारत होती, "जेवलास काय?"

मी विषय बदलला. तिथीचा हिशेब तिला समजावून सांगायला घेतला. उद्या पुन्हा जायचे होते, म्हणून मोबाइलवर सात गुणिले पाऊण करू लागलो.

"सात पाउणे सव्वापाच," माय तिकडून म्हणाली. चौथीपर्यंत शिकली आहे, पण पाऊणकी पाठ आहे. "उन्हाचं जाऊ नोको. चारले निघ."