घोडा हवा की गाडी?

‘‘एखादा ओपन वर्ल्ड गेम सुचवा ना,’’ असं नकाशेकरांना चुकूनसुद्धा म्हणू नये. उत्तर मिळत नाही, उलटतपासणी होते. ‘‘घोडा हवा की गाडी? मरायची तयारी किती? शेवटी रडू आलं तर चालेल? आणि लग्न झालंय का?’’ शेवटच्या प्रश्नात भोचकपणा नाही. ‘द विचर ३’ कानाकोपऱ्यासकट संपवायचा तर शंभर तास सहज जातात, आणि ते घरातून कुठून काढणार हे सल्ला देणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

नकाशेकर हे आडनाव मी दिलेलं. हिंजवडीतल्या कुठल्याही कँटीनमध्ये जाऊन हाक मारा, दोघं-तिघं तरी मान वर करतील. वय पस्तिशीपुढचं, फ्लॅटचे हप्ते चालू, आणि ग्राफिक्स कार्डाची घरात सांगितलेली किंमत व खरी किंमत यांत एका बऱ्यापैकी पैठणीचं अंतर.

ही पिढी घडली सायबर कॅफेत. मशीनवर गेम एकच, २००२ चा ‘व्हाइस सिटी’. मिशन-बिशन कोण करतो? ‘पँझर’ टाइप केलं की समोर रणगाडा हजर, आणि मालक ‘टाइम झाला’ म्हणून ओरडेपर्यंत गावभर धुमाकूळ. निवडायचं काही नव्हतंच. आता स्टीमच्या सेलमध्ये भरघोस सूट आहे, खिशात यूपीआय आहे, आणि लायब्ररीत ‘रेड डेड रिडेम्प्शन २’, ‘एल्डन रिंग’, ‘सायबरपंक २०७७’, ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ असे एकाहून एक मानकरी ताटकळत बसलेत.

शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की नकाशेकर बसतात ते खेळायला नव्हे, ठरवायला. ‘रेड डेड’ला दीडशे जीबी जागा लागते. मग काढायचं कुणाला? ‘त्सुशिमा’ काढवत नाही, कारण त्यात वाट दाखवायला बाण नाही, वारा सुटतो. १२७४ च्या मंगोल स्वारीतल्या त्या बेटावर नकाशेकरांचा फार जीव. अजून तिथे पाऊल टाकलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. फिरत फिरत माउस लग्नाच्या व्हिडिओवर येऊन थांबतो. बायको नेमकी मागे उभी.

‘‘मला बघायला आलास तेव्हा पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत होकार दिला होतास.’’

‘‘तेव्हा रिव्ह्यू वाचायची सोय नव्हती.’’

यावर जे झालं त्यात तो शुक्रवार गेला.

गेम सुरू झालाच तरी निवड काही संपत नाही. ‘सायबरपंक’मध्ये स्वतःचा चेहरा घडवावा लागतो. नकाशेकर नाकापाशीच पाऊण तास. हनुवटी पसंत पडली तर भुवया नाहीत. मग खेळ सुरू होतो आणि कळतं की जग आपल्याच डोळ्यांतून दिसणार. एवढं कोरलेलं नाक बघायचं तर आरसा गाठायला हवा. स्टीमवर पैसे परत मिळतात, पण घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. त्यातला बराचसा वेळ नाकानेच खाल्ला.

खरोखर पुढे सरकला तो ‘विचर’ एकटा. त्यात गेरॉल्ट नावाचा राक्षस मारणारा गडी, लेकीसारखी वाढवलेली सिरी हरवली म्हणून देश पालथा घालतो. नकाशेकरांच्या मातोश्री मागे सोफ्यावर वाती वळत बसायच्या.

‘‘सापडली का रे त्याची पोर?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘मग हा पत्ते कसले कुटतोय?’’

गेरॉल्ट खानावळवाल्याशी ग्वेंट खेळत होता. मातोश्रींनी आठवड्याने पुन्हा विचारलं, तेव्हा तो स्केलिगेच्या समुद्रात होडी घालून बुडालेला माल गोळा करत होता. नकाशावर तिथे प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं, आणि दिसलेलं प्रश्नचिन्ह सोडणं नकाशेकरांच्या रक्तात नाही. दिवसभर ऑफिसात तिकिटं बंद करायची, रात्री घरी येऊन पुन्हा तेच, फक्त खारं पाणी जास्त. वाट्टेल तिकडे जा म्हणून सोडलेला हा माणूस यादी हातात घेऊनच हिंडतो. माझं स्पष्ट मत, यात दोष गेम बनवणाऱ्यांचाही आहे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये कोरोकची ९०० बियाणी दडवलीत, पिशव्या पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात. तरीही हट्टाने सगळी जमवणाऱ्याला जे बक्षीस मिळतं ते सोन्याचं असतं, पण त्याचा आकार चारचौघांत सांगण्यासारखा नाही.

मातोश्रींनी शेवटी नाद सोडला. ‘‘याला पोर नकोच आहे,’’ म्हणाल्या.

बारावी पार पडलेल्या भाच्याने मात्र मामाला गप्प केलं. घोडा-गाडी, मरण-रडणं, सगळी तपासणी शांतपणे ऐकून तो म्हणाला, ‘‘मामा, मला नुसतं हिंडायचंय.’’ त्याने ‘जीटीए ५’ लावला आणि लॉस सँटोसमध्ये गाडी काढली. लाल दिव्याला थांबला. हिरवा झाल्यावर निघाला. समुद्रापर्यंत गेला, गाडी लावली, सूर्य मावळताना बघितला आणि बंद करून जेवायला गेला. पुण्यात लायसन्स काढलेल्या पोराने सिग्नल पाळलेला बघून नकाशेकरांना भरून आलं. ‘‘पण मिशन?’’ एवढंच ते पुटपुटले.

सध्या त्यांची भिस्त सहाव्या भागावर आहे. तो आधी २०२५ मध्ये येणार होता, मग २०२६ चा मे म्हणाले, मग नोव्हेंबर. लांबणीची बातमी आली तेव्हा जगभर पोरांनी कपाळ बडवलं. नकाशेकरांच्या चेहऱ्यावर मात्र परीक्षा पुढे ढकलल्याचं तेज होतं. ‘‘बरं झालं, तोवर मागचे संपवून टाकू,’’ म्हणाले, आणि मागच्यांतला पहिला कुठला घ्यायचा याची एक्सेल शीट उघडून बसले.