पाच केव्हीएची हौस

चुलतभावाशी भागीदारीत आंब्याची बाग घेतली, तर निदान भांडायला सावली तरी मिळते. आम्ही जुनी लाँच घेतली.

लाकडी, केबिनवाली, कधीकाळी कुणीतरी मोठ्या हौसेने बांधलेली आणि पुढे त्याहून मोठ्या घाईने विकायला काढलेली. ती रनपारच्या खाडीत उभी असते असं पावसला कुणाला सांगितलं, की समोरचा "वा, वा" म्हणून लगेच हापूसच्या पेटीच्या भावाकडे वळायचा. पण भावाची योजना पक्की होती. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला रोज माणसं येतात, मंदिरात डोळे मिटून घटकाभर शांत बसतात, खिचडीचा प्रसाद घेतात आणि गणपतीपुळ्याच्या वाटेला लागतात. त्यातली दोन-चार कुटुंबं अडवायची, संध्याकाळी गणेशगुळ्याच्या अंगाने पूर्णगडापर्यंत नेऊन मुचकुंदीच्या मुखाशी सूर्यास्त दाखवायचा, आणि परत येऊन खाडीत नांगर टाकला की सोलकढी, उकडीचे मोदक आणि जुनी गाणी. गाण्यांना स्पीकर हवा, सोलकढीला फ्रिज हवा, मोदक दिसायला दिवे हवेत आणि पुण्याच्या माणसाला पंखा हवा. म्हणजे जनरेटर हवा.

तो होडीवर होता. लिस्टर धाटणीचं, राजकोटकडे बनतं तसं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, दोन्ही बाजूंना दोन जडशीळ चाकं, पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटर, वजन तीनशे किलोंच्या वर. मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारं हे यंत्र प्रत्येक ठोका मोजून द्यायचं आणि त्या ठोक्याबरोबर केबिनमधला बल्ब लहानमोठा व्हायचा. सुरू करायला हँडल. आधी वरचा खटका उचलून सिलिंडरमधली कोंडलेली हवा मोकळी करायची, मग जिवाच्या आकांताने चाक फिरवायचं, वेग आला की खटका पाडायचा आणि त्याच क्षणी हँडलही बाहेर काढायचं आणि स्वतःही बाजूला व्हायचं. यातलं एक काहीतरी मला नेहमी जमायचं.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला खेटून गेलं. विजेचे खांब आडवे झाले, फणस तारांवर झोपले, आणि वाडीतली सगळी माणसं आपापले मोबाइल घेऊन आमच्या होडीवर आली. ज्या होडीला आजवर कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं, तिच्यावर चार्जरच्या वायरींतून वाट काढत चालावं लागत होतं. मी हँडल मारत होतो आणि लोक टक्केवारी सांगत होते. म्हाताऱ्या इंजिनाने सगळ्यांचे फोन भरून दिले आणि नंतर जी मान टाकली ती टाकलीच. मेस्त्री आला, त्याने रिंगा पाहिल्या, लायनर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, नवीनच घ्या."

खरं तर इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी वाचायला बसलो.

माझ्यासारख्या बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला वाचलेलं सगळं समजतं, हीच त्याची शोकांतिका. केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे, पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर पाच केव्हीएचे चारच किलोवॅट हाती लागतात, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना एरवीच्या कितीतरी पट करंट ओढतो, हे मी जेवताना बायकोला सांगितलं. पंधराशे फेऱ्यांना चार पोलचा आल्टरनेटरच पन्नास हर्ट्झ देतो. दोन पोलचा असेल तर तीन हजार फेरे लागतात, हे मी वाण्याला सांगितलं. पेट्रोलचा सेट होडीत नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघत बसते, हे मी भावाला एवढ्या पोटतिडकीने सांगितलं, की त्याने कागद-पेन्सिल माझ्याच हाती दिली. त्याचा हिशेब तीन केव्हीएचा होता. मी पाचवर ठाम राहिलो.

होडीसाठी वेगळे मरीन सेट मिळतात. त्यांना समुद्राचं पाणी ओढून गार ठेवतात, पाणी ओढायला रबरी इम्पेलर, तो अधूनमधून बदला, गंजाने आधी दुसऱ्याला खावं म्हणून जस्ताचे तुकडे, तेही बदला, आणि धूर त्याच पाण्यात मिसळून बाहेर. किंमत ऐकून भाऊ बाकावर बसला. तेव्हा मी तो ऐतिहासिक युक्तिवाद केला: पाण्याने गार करायची गरजच काय, समुद्रावर वारा फुकट आहे. आम्ही जमिनीवरचा, हवेने गार होणारा, बंद पेटीतला 'सायलेंट' डिझेल जनरेटर घेतला.

आंब्याच्या पेट्या सोडून परत येणाऱ्या टेम्पोतून तो रत्नागिरीहून, भाट्याच्या पुलावरून, पेंढ्यात बसून आला. आता होडीवर चढवायचा. कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. कालनिर्णय पाहिलं, अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाला पूर्ण भरती, होडी तरंगत धक्क्याला लागेल, फळी टाकली की काम झालं. बागेतले नेपाळी गडी बोलावले, चेनकप्पी आणली, आणि आम्ही सगळे ओळीने उभे राहिलो. सहा वाजले. होडी चिखलात जशी होती तशीच. आमच्या होडीचे तांडेलमामा विडी विझवत म्हणाले, "भाऊ, येळ बरोबर हाय. पानी नाय."

अष्टमीला भांग असतो, उधाण नव्हे. चंद्र-सूर्य काटकोनात ओढतात आणि भरती अर्ध्यावरच थकते. हेही मी वाचलं होतं. पण दुसऱ्या पुस्तकात.

पौर्णिमेला पाणी भरपूर आलं. जनरेटर चढला, केबिनपर्यंत आला आणि खाली उतरायच्या झाकणाशी थांबला. माहितीपत्रकात मापांचे दोन रकाने होते, पेटीसकट आणि पेटीशिवाय, आणि मी जो रकाना पाहिला होता त्यातलं यंत्र त्या भोकातून खरोखर सहज गेलं असतं. म्हणून पेटी काढली. ती काढल्यावर 'सायलेंट' हा शब्दही तिच्याबरोबर बाहेर धक्क्यावर राहिला. जुनं धूड कसं आत गेलं होतं हा प्रश्न तेव्हा मला पडला, आणि मामांनी उत्तर दिलं, की ते गेलंच नव्हतं. आधी ते ठेवून वर फळ्या ठोकल्या होत्या. ते सुटं करून, तुकड्यातुकड्याने बाहेर निघालं. नवा आत बसला, बोल्ट आवळले, डिझेल भरलं. मी बटणावर बोट ठेवलं.

"भाऊ," मामा म्हणाले, "धूर खंयसून जायाचा?"

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद केबिनमध्ये तो माणसाला कळायच्या आत गाठतो. एवढं सगळं वाचणाऱ्या माणसाच्या हाती फ्रिज, पंखा, मिक्सर, स्पीकर आणि मोबाइलच्या वॉटांची बेरीज होती; धुराला रकानाच नव्हता. सायलेन्सरला पाइप जोडून तो बाजूने काढावा, तर भोक पाण्याच्या रेषेजवळ येत होतं. वरून काढावा, तर धूर नेमका मोदकांवर. आणि फुकटचा वारा? तो वरून जात होता. आत इंजिन आणि मी, दोघेच तापलो होतो.

एक जूनला मासेमारी बंद होते, खाडीतल्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि आमचीही ओढायची वेळ आली. तेव्हा वजन कमी करायचं म्हणून जनरेटर पुन्हा वर काढला. तो आमच्या पडवीत आला, पेटीत बसला, पुन्हा सायलेंट झाला. पावसाळ्यात वीज गेली की तो लागतो, श्रावणात शेजारच्या सत्यनारायणाला गेला, गणपतीत तर त्याने वाडी उजळली. भाड्याचे पैसे भाऊ वहीत लिहितो. त्याच वहीत होडीचं पान आहे, ते मी उघडत नाही.

होडीवर भावाने टपावर एक सोलर पॅनल टाकलं, एक बॅटरी, चार एलईडी दिवे. सोलकढी माठाशेजारी घागरीत. स्पीकर नाही, फ्रिज नाही, पंखा नाही. नारळी पौर्णिमेनंतर पहिलं गिऱ्हाईक आलं, पुण्याचं कुटुंब, दुपारीच समाधीमंदिरात बसून आलेलं. खाडीत नांगर टाकला तर पाण्याची चुळबुळ तेवढी ऐकू येत होती. उतरताना गृहस्थांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "सगळीकडे ती जनरेटरची घरघर असते हो. तुम्ही मुद्दाम नाही ना ठेवला?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. मामा समुद्राकडे.

मी म्हटलं, "मुद्दाम."

पुढच्या फेरीपासून भावाने माणशी शंभर रुपये वाढवले. पावतीवर लिहितो, शांततेचे.