रक्तातल्या साखरेचे तीन भाव

प्रति,
मा. दरपत्रक महोदय,
रोखपालाच्या खिडकीशेजारची भिंत,
सरकारी रुग्णालय, थायलंड

स. न. वि. वि.

आपण भिंतीवर आणि मी रांगेत, त्यामुळे रोजची नजरानजर असूनही बोलणं कधी झालं नाही. माझी ओळख सांगायची तर मी नोकरीभर महाराष्ट्रात जिल्हा परिषदांची लेखापरीक्षणं केली. खरेदीची बिलं, प्रवासभत्ते, डांबराचे पिंप, शाळेच्या खडूचे खोके, सगळं तपासलं. निवृत्तीनंतर मुलाकडे इथे राहायला आलो, पण डोळा अजून रकान्यांवरच जातो. आपल्यासारखं सुबक दरपत्रक पाहिलं की हात आपसूक हिरव्या शाईच्या पेनाकडे वळतो. तेव्हा हे पत्र म्हणजे लेखा आक्षेप समजा. पुढचामागचा राग नाही.

आमच्या घरात साखरेचे तीन भाव आहेत. दुकानातल्या साखरेचे नव्हे, रक्तातल्या. परवा आम्ही तिघांनी एकाच सकाळी, उपाशीपोटी, एकामागोमाग एक रक्त दिलं. सूनबाई थाई, तिचे 40 बाट. मुलगा इथे नोकरी करतो, वर्क परमिट आहे, त्याचे 50. मी निवृत्त परदेशी, माझे 65. सूनबाईंची सरकारी योजना आहे आणि मुलाच्या पगारातून सामाजिक सुरक्षेचा हप्ताही कापला जातो, पण त्यांची नेमून दिलेली रुग्णालयं लांब, म्हणून दोघांनीही इथे रोख भरले. सुया एकाच खोक्यातल्या, नळ्या एकाच तबकातल्या, टोचणारी मुलगीही तीच. तिनं तिघांना अगदी सारखं दुखवलं, पासपोर्ट पाहिला नाही. निकाल आला तेव्हा सगळ्यांत कमी साखर माझी! म्हणजे मिलिग्रॅमला काय दर पडला हे काढलं तर माझ्यावरचा अन्याय आणखी ठळक होतो. तो हिशेब मी स्वतंत्र कागदावर करून ठेवला आहे, मागितल्यास सादर करीन.

आपली रचना मला पाठ आहे. 2019 साली आरोग्य मंत्रालयानं सरकारी रुग्णालयांसाठी माणसांचे चार वर्ग ठरवले. पहिला वर्ग थाई नागरिकांचा. दुसरा शेजारच्या देशांतल्यांचा, म्हणजे म्यानमार, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाम. तिसरा इथे नोकरी करणाऱ्या इतर परदेश्यांचा. चौथा पर्यटक आणि निवृत्तांचा. रक्तातल्या साखरेपुरते पहिले दोन वर्ग एकाच भावात बसतात, म्हणून आमच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या म्यानमारच्या बाईंनाही 40 च पडतात. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांच्या मजुरीवर हे शहर उभं आहे, त्यांनी कमीच द्यावेत. पण नकाशा तपासायची सवय असल्यामुळे एक विचारतो. व्हिएतनामची जमीन आपल्या देशाला कुठेच लागत नाही, मधे लाओस आणि कंबोडिया आडवे आहेत. मलेशियाची लागते. तरी व्हिएतनामी शेजारी आणि मलेशियन मात्र परका, हे कसं? आमच्याकडे शेजारी ठरवताना भिंत सामाईक आहे का ते पाहतात. आपण बहुधा येणंजाणं पाहिलं असावं.

पण माझा खरा आक्षेप चौथ्या रकान्यावर आहे. निवृत्त आणि पर्यटक एकाच ओळीत! आम्हाला एकत्र बसवणाऱ्यानं आम्हा दोघांपैकी कुणालाही पाहिलेलं नाही, अशी माझी खात्री आहे. पर्यटक फुकेतला उतरतो, भाड्याची स्कूटर घेतो, हेल्मेट घालत नाही, विमा काढलेला नसतो, वळणावर पडतो आणि बिल न भरता विमान गाठतो. अशी बिलं रुग्णालयांच्या गळ्यात पडतात, हे मला मान्य आहे. म्हणून तर पर्यटकांकडून येतानाच 300 बाट घ्यायचे आणि त्यातून त्यांचा विमा काढायचा, अशी योजना आपल्या सरकारनं कितीदा तरी जाहीर केली आणि तितक्याच वेळा पुढे ढकलली. मी काय करतो? मी दर नव्वद दिवसांनी परदेशी नागरिक खात्याला पत्ता कळवतो की साहेब, मी अजून तिथेच आहे. निवृत्ती व्हिसासाठी वय पन्नास पूर्ण लागतं, ते माझं केव्हाच झालं. महिना 65,000 बाट उत्पन्न दाखवा, नाहीतर 8,00,000 बाट इथल्या बँकेत ठेवा, असा नियम आहे. मी ठेवले. ते वाटेल तेव्हा काढताही येत नाहीत. मुदतवाढीच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने हात लावायचा नाही, एरवीही निम्म्याच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. अशा बांधून ठेवलेल्या पैशाला आमच्या खात्यात अनामत म्हणत. अनामत भरलेला, दर तिमाहीला हजेरी लावणारा पर्यटक आपण कुठे पाहिलात?

शिवाय परदेशी रहिवाशांना इथे मिळतं ते गुलाबी ओळखपत्र माझ्याकडे आहे. त्यावर फोटो आहे, थाई अक्षरांत नाव आहे, तेरा आकडी क्रमांक आहे. रोखपालबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, निरखून पाहिलं, फोटो छान आलाय असं म्हणाल्या आणि 65 बाट घेतले. त्याआधी वजन-रक्तदाबाच्या यंत्रापाशी परिचारिकेनं मला ‘ता’ म्हणून हाक मारली होती. ता म्हणजे आजोबा. इथे म्हाताऱ्या माणसाला असंच बोलावतात, आणि मनापासून बोलावतात. बाही वर करायला तिनं मदत केली, चष्मा सांभाळला. तिच्या टेबलाशी मी आजोबा आणि पंधरा पावलांवरच्या खिडकीत चौथा वर्ग. एकाच आवारात माणसाचं नातं इतक्या झटपट तुटलेलं मी फक्त वाटणीच्या दाव्यांत पाहिलं आहे.

आपली बाजू मला कळत नाही असं समजू नका. 2002 साली आपल्या देशानं तीस बाटांत उपचाराची योजना आणली आणि काही श्रीमंत देशांनाही जमलं नाही ते करून दाखवलं. तो खर्च करातून चालतो. ईशान्येकडच्या ईसानमधल्या भातशेतकऱ्यानं माझ्या साखरेचा भार का उचलावा, याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर नसलेला मुद्दा आम्ही निकाली काढतो. फक्त एक नोंद राहू द्या. मीही बहुतेक खरेदीवर सात टक्के मूल्यवर्धित कर भरतो, अगदी डासांच्या अगरबत्तीवरही. आणि त्या सकाळी माझ्या पुढे रांगेत एक गृहस्थ होते. मनगटावर घड्याळ असं की त्याच्या किमतीत आमच्याकडे तालुक्याच्या गावी जागा यावी. बाहेर त्यांचा चालक गाडी चालू ठेवून उभा होता. त्यांचे 40 बाट. ऐपतीवर दर लावला असतात तर मी हसत 100 दिले असते. आपण दर लावला जन्मदाखल्यावर.

न्यायालयात जा असं सांगू नका. एका डच रहिवाशानं दुहेरी दराविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दाद मागितली होती. 2021 मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध गेला. तेव्हापासून आमच्या इमारतीच्या बागेत सकाळी जमणारी परदेशी मंडळी नुसतीच चडफडतात. त्यात सगळ्यांत मोठा आवाज एका इंग्रज शेजाऱ्याचा. हा वंशभेद आहे, असं तो रोज म्हणतो. मी एकदा त्याला त्याच्याच देशाचं विचारलं. इंग्लंडात मोफत उपचार नागरिकत्वावर नसतात, राहण्यावर असतात. हा गडी थायलंडला स्थायिक झाल्यामुळे मायदेशी मोतीबिंदू काढायला गेला तर त्याच्या हातात बिल पडेल, तेही ठरलेल्या दराच्या दीडपट. म्हणजे तो इथेही परका आणि तिथेही. वर त्याची सरकारी पेन्शन थायलंडमध्ये राहणाऱ्यांना वाढवून मिळत नाही, तो इथे आला त्या आकड्यावर ती गोठली आहे. आणि आमची भाचरं तिकडे नोकरीच्या व्हिसावर जातात तेव्हा आरोग्य अधिभार म्हणून माणशी वर्षाला 1,035 पौंड आधीच मोजतात, पुन्हा पगारातून कर कापला जातो तो निराळाच. हे ऐकल्यावर त्यानं हवामानाचा विषय काढला.

आता माझीच झडती घ्यायची तर तीही घेऊ. मागे खाओ याइ राष्ट्रीय उद्यानात गेलो तेव्हा फाटकावर फलक होता. थाई माणसाला 40 बाट, तेही थाई अंकांत, म्हणजे आम्हाला वाचता येऊ नये. परदेश्याला 400, तेवढे मात्र जगाला वाचता येतील अशा अंकांत. मी सूनबाईंसमोर बराच तावातावानं बोललो. तिनं ऐकून घेतलं. पुढे सुट्टीत आम्ही तिला अजिंठा दाखवायला नेलं. तिथे भारतीयाला 40 रुपये आणि परदेश्याला 600. म्हणजे आपल्या उद्यानात दहापट आणि आमच्या लेण्यांत पंधरापट. मी पाकिटातून सहाशे काढतोय तोच तिनं मोबाइल पुढे धरला. बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर आहे, आणि थायलंड त्यात आहे. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची ही संघटना 1997 मध्ये बँकॉकलाच स्थापन झाली. थोडक्यात, सूनबाई अजिंठ्यात 40 रुपयांत भारतीय झाल्या. भारतही त्याच संघटनेत आहे, महोदय. आमच्या खिडकीवर आपली मुलगी घरची आणि आपल्या खिडकीवर तिचा सासरा चौथ्या वर्गात, हा आक्षेप मी जाड अक्षरांत नोंदवतो.

आता आपल्याकडे काही मागणं आहे, असं आपल्याला वाटेल. खरं सांगायचं तर दोन महिने मी तुलना करत होतो, कारण माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे.

आधी इथल्या खाजगी रुग्णालयात चौकशी केली. दिवाणखान्यात पियानो, हातात थंड टॉवेल, आणि अंदाजपत्रक असं की टॉवेलचा उलगडा झाला. 2019 पासून खाजगी रुग्णालयांना औषधांचे दर क्यूआर कोडवर दाखवावे लागतात, म्हणून तो कोड मी काढून पाहिला. गोळ्यांचा दर समजला. डॉक्टरांचा, खोलीचा आणि ‘इतर’ या शब्दाचा समजला नाही. लेखापरीक्षणात मी सगळ्यांत जास्त ‘इतर’ला घाबरतो.

मग पुण्याला फोन लावला. तिथे पासपोर्ट कुणी विचारत नाही. ‘मेडिक्लेम आहे का?’ हा पहिला प्रश्न. डोळा डावा की उजवा, हा त्यानंतरचा. विमा असेल तर एक पॅकेज, रोख असेल तर दुसरं, एनआरआय आहात का हेही सहज विचारून घेतात. आत मुक्काम पडणारी शस्त्रक्रिया असेल तर विचारतात जनरल, ट्विन शेअरिंग की डिलक्स. मी भाबडेपणानं म्हणालो, खोलीचं भाडं वेगळं असणारच. तेव्हा समजलं की भाडंच नव्हे, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची फीसुद्धा खोलीगणिक वाढते. तोच डॉक्टर, तेच टेबल, तीच भूल. पडदे चांगले असले की टाके महाग. दरपत्रक लावलंय का विचारलं तर समोरची मुलगी म्हणाली, ‘काका, तुम्ही येऊन भेटा, सरांशी बोलून ॲडजस्ट करू.’ हे वाक्य आयुष्यात मी पुष्कळ कचेऱ्यांत ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी त्याखाली वसूलपात्र रक्कम काढली आहे.

म्हणून, महोदय, पत्राचा मुद्दा. आपण भेदभाव करता, पण भिंतीवर लावून करता. चार रकाने, चार दर, खाली शिक्का. आपल्याशी ॲडजस्ट करता येत नाही आणि माझे 25 बाट जादा कुठे गेले हे पावतीवर दिसतं. तेव्हा माझा मोतीबिंदू आपल्याच रुग्णालयात, चौथ्या वर्गाच्या दरानं काढावा, ही विनंती. नोंदणी सूनबाई करतील, कारण त्यांना थाई अंक वाचता येतात.

वरील आक्षेपांचं अनुपालन आमच्या प्रथेप्रमाणे एका महिन्यात अपेक्षित आहे. निवृत्तांना पर्यटकांच्या ओळीतून काढून वेगळी ओळ द्यावी. दर तोच ठेवला तरी चालेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला नम्र,
चौथ्या रकान्यातला एक आजोबा

ता. क. शस्त्रक्रियेच्या पावतीवर प्रयोजनाच्या जागी ‘पर्यटन’ असं छापू नये. मोतीबिंदू काढायला परदेशी लोक आपल्याकडे मुद्दाम विमानानं येतात आणि त्यालाही पर्यटनच म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण त्यांची खिडकी पियानोजवळ आहे.