अँटेना जोडली आहे का, असे विचारणाऱ्या साहेबांस

राजमान्य राजेश्री पुस्तिकाकार साहेब यांसी,
स. न. वि. वि.

आमच्या व्हिडिओ रेकॉर्डरसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेचे शेवटचे पान आपण लिहिले आहे. डाव्या रकान्यात अडचण, उजव्या रकान्यात उपाय. ‘टीव्हीचे कार्यक्रम दिसत नाहीत’ या ओळीसमोर आपण फर्मावता : प्लग लावला आहे का पाहा. अँटेनाची वायर घट्ट बसली आहे का पाहा. चॅनेल पुन्हा शोधा. तरीही न जमल्यास जवळच्या विक्रेत्याकडे जा. आमचा जवळचा विक्रेता कुंभकोणमला होता. तिथे आता मोबाइलची कव्हरे मिळतात.

साहेब, प्लग लावला आहे. तिरुवैयारूच्या पंचक्रोशीत लोक यंत्रे नुसती हळदकुंकू वाहायला आणतात, असा आपला समज होता का? वायरही घट्ट आहे. चॅनेल शोधायला सांगितले की आकडा धावत सुटतो, सगळे व्हीएचएफ, सगळे यूएचएफ पालथे घालतो आणि रिकाम्या हाताने पुन्हा एकवर येऊन बसतो. पडदा निळाच्या निळा.

हा खटाटोप आत्यासाठी. पौष वद्य पंचमीला कावेरीकाठी कर्नाटक संगीताचे संत-रचनाकार त्यागराज यांच्या समाधीपाशी आराधना होते. मांडवात जमिनीवर समोरासमोर बसून शेकडो गवई नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतल्या त्यांच्या पाच कृती, म्हणजे पंचरत्ने, एकत्र गातात. दूरदर्शन ते थेट दाखवते. समाधी आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर, पण आत्याच्या गुडघ्यांना आता जमीन परवडत नाही. म्हणून ती घरी बसून बघते, टेपवर घेते आणि वर्षभर मनात येईल तेव्हा आरभी लावते. भाचरे म्हणतात, यूट्यूबवर आहे की! असेल. आरभीच्या मधोमध कर्ज वाटायला येणारा माणूस आत्याला नको आहे. (आम्ही तंजावरचे मराठी नोंदी ठेवण्यात मुळातच हट्टी. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली भोसल्यांचा अख्खा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरून घेतला. त्याला अँटेना लागत नाही, हा त्यांचा शहाणपणा.)

आता आपल्या उजव्या रकान्यात जे नाही ते ऐका. अँटेना ठीक, वायर ठीक, आपले यंत्रही ठीक. हवेतच काही उरलेले नाही. दूरदर्शनने जमिनीवरची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने मिटवली. मार्च २०२२ पर्यंत मोजकी सोडून सारी गेली. केबलचे हेच आधी ठरले होते : २०११ ची कायदादुरुस्ती, सगळे डिजिटल, आणि सर्वात शेवटी खेड्यांसाठी ३१ मार्च २०१७ ची मुदत. वायरीतून आता जे येते ते कुलपात येते आणि किल्ली सेट-टॉप बॉक्सच्या पोटात असते. रेकॉर्डरचा ट्यूनर ते ओळखणार कसा? याच मुलखात ऐंशीच्या दशकात किनाऱ्याकडचे लोक उंच खांबांवर अँटेना चढवून श्रीलंकेची रूपवाहिनी बघत. समुद्र ओलांडून चित्र यायचे!

केबलवाल्या पोराने शेवटी तोड काढली. बॉक्सची पिवळी, पांढरी, लाल वायर रेकॉर्डरच्या ‘लाइन इन’मध्ये घातली, चॅनेलऐवजी एव्ही निवडले, आणि चित्र आले. मात्र टायमर पांगळा झाला. तो ठरल्या वेळी रेकॉर्डरला उठवतो, बॉक्सचे चॅनेल बदलणे त्याच्या हातात नाही. बॉक्स आधीच योग्य जागी लावून, चालू ठेवून जायचे. आराधनेच्याच दिवशी आत्याची डोळ्याची शस्त्रक्रिया निघाली, घरदार तंजावरला. सकाळी वीज गेली. रेकॉर्डर इन्व्हर्टरवर होता, बॉक्स नव्हता. वीज परतली तेव्हा बॉक्स केबलवाल्यांनी ठरवून दिलेल्या पहिल्या चॅनेलवर उघडला. आत्याच्या टेपवर नाट आहे, थोडा गौळ आहे, मग निळा पडदा, आणि आरभीच्या जागी सोन्याच्या घडणावळीवरची सूट. वराळीच्या जागी तीच. श्रीरागाच्या जागीही तीच.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आत्याने हे पाहिले. काही बोलली नाही. मला मात्र बोलायचे आहे. ज्यांनी हवा रिकामी केली त्यांनी आपल्यासारखे एक पान तरी लिहायचे होते! ‘आजपासून येणार नाही’, एवढी एक ओळ घरोघरी पोचवायची होती. म्हातारी माणसे छपरावर चढून अँटेना फिरवत राहिली, दोष आपल्याच वायरीत शोधत राहिली, आणि कुणाला त्याची लाज वाटली नाही.

आपण निदान लिहिलेत. कधी पाहणार नाही अशा गावातल्या माणसाचा प्लग निसटला असेल, ही काळजी केलीत. आपल्याला तरी कुणी काय सांगितले असेल? व्हीएचएस रेकॉर्डर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये काम थांबवले. आपण तेव्हा टेबलावर होता की आधीच घरी बसला होता, देव जाणे. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघणार नाही हे मला समजते. निघालीच तर त्या ओळीसमोर एवढे घाला : ‘आपल्याकडे सर्व ठीक आहे. पाठवणाऱ्याला विचारा.’

आणखी एक. आराधनेच्या कॅसेटवर कुणी चुकून सिनेमा घेऊ नये म्हणून आत्या तिच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा दर वर्षी लगेच मोडून टाकते. यंदाही मोडला, टेप बघण्याआधीच. म्हणजे सोन्याची सूट कायमची राहिली असती. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा रेकॉर्ड करता येते, असे आपण त्याच पानावर लिहिले आहे. लावली. येते. तेवढा उपाय लागू पडला, हे आपणास कळवायचे होते.

कळावे, लोभ असावा.