पायरी कोणती?

पन्नाशी ओलांडली की माणूस साखर तपासून घेतो, तशी मी आत्मोन्नती तपासायला घेतली. मोजमाप घरातलंच, दासबोधाचा पाचवा दशक. समर्थांनी तिथं माणसांचे चार प्रकार सांगितलेत: बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध. बद्धाच्या समासात माझा बायोडेटाच निघाला, एक रकाना रिकामा नाही. म्हणून पानं उलटून थेट सिद्धावर गेलो. सिद्धाची खूण म्हणजे निःसंदेह असणं. मग तर मुकुटबनच्या पानठेल्यावर उभा असलेला प्रत्येक जण सिद्ध! कापसाचा भाव कुठवर जाईल, याबद्दल तिथं कधीच कोणाला संदेह नसतो. मला तर नाहीच.

तरी एक परदेशी मत असावं म्हणून लॉरेन्स कोलबर्गकडे वळलो. या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५८ च्या प्रबंधापासून नीतीच्या पायऱ्या मांडल्या, एकूण ६. पहिलीवर शिक्षेची भीती, सहावीवर निखळ विवेक. वणी रोडवर पोलीस दिसताच माझं हेल्मेट हँडलवरून डोक्यावर येतं, तेव्हा पहिली पायरी तर पक्की.

त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. हाइन्झची बायको मरणाच्या दारात. औषध एकाच दुकानदाराकडे. २०० डॉलरचा माल, मागतो २,०००. हाइन्झजवळ निम्मेच जमले. त्यानं चोरी करावी का? उत्तर काहीही द्या, त्यामागच्या कारणावरून तुमची पायरी ठरते.

ठेल्यावर विचारलं.

"वणीचं मेडिकल पाह्यलं का त्यानं?"

"उधार मांगाव ना बाप्पा!"

"मांगितलं. नाही म्हणाला."

"अन् सोयरे कुठं गेले याचे?"

"दुकानदार कोन्या गावचा हाय? त्याच्या सासऱ्याले कोणी ओळखते का?"

अर्धा तास झाला तरी चोरीपर्यंत कोणी पोचेचना. कोलबर्गच्या पाचव्या पायरीवर सामाजिक करार आहे, पण दुकानदाराचा सासरा कुठल्याच पायरीवर नाही. ही त्याच्या शास्त्रातली मोठी उणीव म्हणावी लागेल.

दुसरी उणीव कॅरोल गिलिगननं १९८२ मध्येच दाखवली होती: त्यानं मुळात तपासली ती सगळी पोरंच, मुलगी एकही नाही. म्हणून घरी येऊन बायकोला गोष्ट सांगितली. तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"थे चोरीचं राहू द्या. बाई वाचली का मंग?"

कोलबर्गनं ते सांगितलेलंच नाही.

"वाचली," मी निःसंदेह सांगून टाकलं.